टक्का ठरला, पण कशावर?

दिवाळीच्या ऑर्डरी घेण्याचे दिवस आले की या सदराकडे दुकानांना माल बनवून देणाऱ्यांची एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत येते: भाव ठरला होता, माल पोचला, आणि आता दुकानदार वेगळंच बोलतोय. अशी सात पत्रं इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची आणि दुकानांची नावं वगळली आहेत.

प्रश्न (मालाड): मी पितळेवर मोती आणि खडे जडवून ठुशी, चिंचपेट्या करते. उपनगरातल्या एका दुकानाशी ‘४० टक्के’ असं तोंडी ठरलं. ठुशीचा माझा भाव ६०० रुपये. त्यावर ४० टक्के चढवून दुकान ८४० ला विकेल, असा माझा हिशेब होता. शेठ म्हणतात, टक्का विक्रीच्या किमतीतला असतो, तेव्हा लेबल १,०३० चं लावा, नाहीतर भाव उतरवा. पण १,०३० मधून ४० टक्के गेले तर मला ६१८ मिळायला हवेत. तेही देत नाहीत, ६००च देतात. कारण काय, तर माझी जीएसटी नोंदणी नाही. हे अठरा रुपये गेले कुठे?

उत्तर: दोन्ही मुद्द्यांवर दुकानदाराचा हिशेब बरोबर आहे. तो त्याने ऑर्डर देतानाच उलगडून सांगायला हवा होता, ही तुमची तक्रारही तितकीच रास्त आहे.

दुकानदारीत टक्का विक्रीच्या किमतीवरून मोजतात. गाळ्याचं भाडं, नोकरांचे पगार, कार्ड मशीनचं कमिशन हे सगळं दुकानदार रोजच्या गल्ल्याशी ताडून बघतो, म्हणून त्याचा टक्काही गल्ल्यातलाच असतो. माल बनवणारा मात्र खर्चावर चढवत जातो. ६०० वर ४० टक्के चढवले की ८४० होतात, पण त्यातले दुकानाचे २४० रुपये हे ८४० चे जेमतेम साडेअठ्ठावीस टक्के. दुकानाला विक्रीतले ४० टक्के द्यायचे, तर ६०० ला ०.६० ने भागायचं. उत्तर येतं १,०००. म्हणजे तुमच्या पद्धतीने ६६.६७ टक्के चढवावे लागतात. हाच हिशेब बाकीच्या टक्क्यांसाठी: विक्रीतले २५ म्हणजे खर्चावर ३३.३३, विक्रीतले ३० म्हणजे ४२.८६, ३५ म्हणजे ५३.८५ आणि ५० म्हणजे सरळ दुप्पट. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता अठरा रुपये. इमिटेशन दागिन्यांवर ३ टक्के जीएसटी आहे. लेबलावरच्या १,०३० पैकी १,००० मालाचे आणि ३० कराचे. तुमची नोंदणी असती तर तुम्ही ६०० अधिक १८ असं ६१८ चं बिल केलं असतं, दुकानाने त्या १८ चं क्रेडिट घेऊन, म्हणजे ते आपल्या करातून वजा करून, सरकारला उरलेले १२ भरले असते आणि त्याच्या हातात ४०० राहिले असते. नोंदणी नसताना तुम्ही कर आकारू शकत नाही, तेव्हा दुकानाला क्रेडिट नाही. पूर्ण ३० रुपये त्यालाच भरावे लागतात. तुम्हाला ६०० दिले तर त्याच्याकडे ४०० उरतात, ६१८ दिले तर ३८२. ते अठरा रुपये तुमचे नव्हतेच, कराचे होते. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल राज्याबाहेर जात नसेल, तर नोंदणीची सक्ती साधारणपणे नाही. त्यामुळे ६०० ला नोंदणीविना विकण्यात काही गैर नाही. कंपोझिशन, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असाल तर मात्र उलाढालीचा १ टक्का तुमच्या खिशातून जातो आणि तो बिलावर दाखवता येत नाही. तो आधीच भावात धरा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ६०० हा आकडा तुम्ही कसा काढला ते एकदा तपासा. बहुतेक कारागीर पत्रा, मोती, खडे, पॉलिश आणि जडाईची मजुरी धरतात, आणि प्लेटिंगमध्ये बाद होणारा माल विसरतात. समजा एका नगाचा खर्च ३८० आला आणि शंभर नगांपैकी सात डाग पडून परत आले, तर ३८,००० रुपये ९३ नगांवर वाटले जातात आणि खरा खर्च ४०८ रुपये ६० पैसे होतो. डबी, टॅग, दुकानापर्यंतची ने-आण, नंतर निखळलेले खडे फुकट बसवून देण्याचा वेळ हेही त्यातच यायला हवं. हे सगळं धरून ६०० परवडत असतील तरच तो तुमचा घाऊक भाव. ठुशी १,०३० ला खपणार नाही असं दुकानदार म्हणत असेल, तर भाव कापू नका. कमी जडाईची दुसरी ठुशी त्या किमतीत बसवून दाखवा. तोच नग स्वस्तात दिला की पुढच्या ऑर्डरीची सुरुवात त्या खालच्या भावापासूनच होते.

ऑर्डरीच्या कागदावर एवढं लिहिलं तरी पुरे: “एमआरपी १,०३० रुपये, सर्व करांसह. दुकानाचा हिस्सा करपूर्व किमतीच्या ४० टक्के. बनवणाऱ्यास देय ६०० रुपये नेट. जीएसटी लागू असल्यास वेगळा.” शेवटी नेट, म्हणजे हातात पडणारे, रुपये लिहायचेच, म्हणजे टक्क्याचा अर्थ लावत बसावं लागत नाही.

प्रश्न (गिरगाव): आम्ही कोकम आगळ बाटलीबंद करून विकतो. एका दुकानाने आमच्या २२० च्या एमआरपीवर स्वतःचं २६० चं स्टिकर चिकटवलं. वरचे चाळीस रुपये आम्हाला मिळायला नकोत का?

उत्तर: ते चाळीस रुपये मागूच नका, कारण ते घेण्याचा अधिकार दुकानालाही नाही. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि किंमत पुसता, झाकता किंवा वाढवता येत नाही. किंमत कमी करायची असेल तर कमी किमतीचं स्टिकर लावता येतं, तेही मूळ छापील किंमत दिसत राहील अशा बेताने. बाटलीवर नाव-पत्ता तुमचा आहे, म्हणून फोटो काढून आजच लेखी कळवा: “हे स्टिकर आमच्या संमतीविना लावलेलं आहे, ते ताबडतोब काढावं.” वाटा घेतलात तर तुम्हीही त्यात सामील झालात. आणि महागड्या वस्तीतल्या दुकानासाठी त्याच बाटलीवर वेगळी, चढी एमआरपी छापून देण्याची गळ कुणी घातली, तर तीही मान्य करू नका. त्याच मापाच्या त्याच मालाला दोन एमआरपी लावणं अडचणीत आणू शकतं.

प्रश्न (मुलुंड): नैसर्गिक रंगांचे ६० स्टोल मी दक्षिण मुंबईतल्या एका बुटिकला ‘विकले की पैसे’ या बोलीवर दिले. सात महिन्यांनी हिशेब आला: २२ विकले, ३१ परत, ७ ‘सापडत नाहीत’. परत आलेल्यांपैकी काहींच्या घडीवर उन्हाने पट्टे पडलेत, काहींना अत्तराचा वास आहे. त्यांचा टक्का ४० होता. विकल्या गेलेल्यांचेही पैसे पूर्ण आले नाहीत.

उत्तर: कापडबाजारात आणि सराफीत याला जांगड म्हणतात, आणि जांगडाची वही वेगळी ठेवण्याची शिस्त फार जुनी आहे. ती शिस्त सुटली की असे ७ स्टोल ‘सापडत नाहीत’.

आधी टक्क्याचं बोलू. दुकान माल नक्की विकत घेतं, तेव्हा न खपलेल्या मालाचं ओझं त्याचं असतं आणि त्यासाठी त्याला जास्त हिस्सा मिळतो. जांगडात भांडवल तुमचं, पडून राहण्याची भीती तुमची, खराबी बहुधा तुमच्याच गळ्यात. दुकान फक्त जागा आणि विक्रेता देतं. तरीही टक्का ४०च राहिला तर दुकानदाराच्या जोखमीची किंमत तुम्ही भरताय आणि जोखीमही तुम्हीच घेताय. आमचं मत असं की नक्की खरेदीला ४० देत असाल, तर जांगडाला २५ ते ३० च्या वर जाऊ नये. ४०च हवेत असं दुकान म्हणालं तर निदान एक तृतीयांश माल रोखीने घ्यायला सांगा.

माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २४ मध्ये तुमच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. परत करण्याच्या बोलीवर दिलेला माल दुकानाने ठरल्या मुदतीत परत केला नाही आणि नकोय असं कळवलंही नाही, तर तो त्याने विकत घेतला असं धरलं जातं. मुदत ठरली नसेल तर ‘वाजवी काळ’ धरतात, आणि वाजवी किती यावरच वर्षभर वाद घालता येतो. म्हणून मालासोबत जाणाऱ्या चलनावर तारीख हवी: “९० दिवसांत न परतलेला माल नेट भावाने विकत घेतला असं समजलं जाईल.” हे एक वाक्य असतं तर तुमची निम्मी भांडणं झालीच नसती. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी: पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल माल निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत फाडावंच लागतं, तो विकला गेला नसला तरी. आणि दुकान तुमच्या वतीने पण स्वतःच्या नावाने बिल करून विकत असेल, तर माल त्याच्याकडे पाठवतानाच करपात्र पुरवठा झाला असं धरतात. तुमच्या व्यवहाराला यातलं कुठलं लागू होतं, ते चलन छापायच्या आधी सीएला विचारा.

आता या ६० चं काय करायचं? २२ चा हिशेब आधी मिटवा; त्यात वाद नाही, तेव्हा बाकीच्या वादासाठी ते पैसे अडकू देऊ नका. हरवलेले ७ दुकानाने नेट भावाने घ्यावेत. दुसऱ्याचा माल सांभाळायला घेतला की स्वतःच्या मालाइतकी काळजी घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो कसा हरवला हे सांगणं दुकानाचं काम. ३१ चे तीन गठ्ठे करा: कोरे, धुऊन-इस्त्री करून विकता येतील असे, आणि पट्टे पडलेले. दुसऱ्या गठ्ठ्याला धुलाईचा खर्च मागा, तिसऱ्याला पूर्ण नेट भाव. प्रत्येक नगाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली उडालेला रंग दिसत नाही. मंजिष्ठा आणि नीळ त्यातल्या त्यात टिकतात, पण हळदीचा पिवळा काचेच्या शोकेसमध्ये लवकर उतरतो. हे दुकानाला माहीत असेलच असं नाही. पुढच्या वेळी मालासोबत एक ओळ लिहून द्या: शोकेसमधला नग दर पंधरा दिवसांनी बदला, घडी उलटी करा, उन्हाच्या बाजूला टांगू नका.

पुढची जांगड देताना प्रत्येक नगाला क्रमांक द्या आणि चलनावर क्रमांकवार यादी, नेट भाव, परतीची तारीख लिहा. महिन्याच्या ५ तारखेपर्यंत विकलेल्या क्रमांकांची यादी आणि १५ पर्यंत पैसे, असं बांधून घ्या. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन नग मोजा आणि दोघांनी सही करा. चोरी, आग, पाणी हे दुकानाच्या खात्यावर असेल हेही स्पष्ट लिहा. मुंबईत तळमजल्याच्या दुकानात जुलैमध्ये पाणी शिरणं ही दूरची शक्यता नाही, आणि दुकानाच्या विम्यात ‘विश्वासाने ठेवलेला परका माल’ असा उल्लेख नसेल तर तुमच्या स्टोलांचे पैसे मिळण्याची आशा नाही. पॉलिसीचं ते पान बघायला मागण्यात संकोच करू नका.

प्रश्न (बोरिवली): मी सिरॅमिकचे मग बनवतो. एका दुकानाने १०० मग २७० रुपये नेटने रीतसर विकत घेतले, एमआरपी ४५०. नंतर त्यांनी ३० टक्के सूट लावली आणि सुटीचा निम्मा भाग, मगामागे साडेसदुसष्ट रुपये, ३८ मगांचे २,५६५ माझ्या थकीत बिलातून कापले. मला आता करारात ‘४५० च्या खाली विकायचं नाही’ असं टाकायचंय.

उत्तर: २,५६५ रुपये परत मागा. माल विकत घेतल्यावर तो दुकानाचा. किती सूट द्यायची हे त्याने ठरवलं, तर त्याचा भारही त्यानेच उचलायचा. तुमच्या आधीच्या लेखी संमतीशिवाय बिलातून कापता येत नाही. हिशेब जुळवायला म्हणून क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याची तुमची चिठ्ठी, मागतील. ती देऊ नका. दिलीत की कपात तुम्हाला मान्य होती असाच तिचा अर्थ होतो.

तुमचं नवं कलम मात्र टाकू नका. विकलेला माल पुढे अमुक भावाखाली विकायचा नाही, असं बंधन स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(४) मध्ये मोडतं. मारुती सुझुकीने आपल्या डीलरांना ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देऊ नये असं बांधून ठेवलं, म्हणून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनी त्यावर अपिलात गेली. बाजारातल्या स्पर्धेवर लक्षणीय दुष्परिणाम होतो का, हे त्यात पाहिलं जातं आणि शंभर मगांनी तसं होणं अवघड आहे. तरीही सही केलेल्या कागदावर असं कलम कशाला हवं? ‘सुचवलेली किंमत ४५०, याहून कमी किमतीत विकण्यास दुकान मोकळं आहे’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

भाव पडू नये हीच तुमची खरी चिंता असेल, तर तिला दुसरे रस्ते आहेत. जांगडावरचा माल अजून तुमचाच असतो, तिथे किंमत तुम्ही ठरवू शकता. सुटीत तुम्हाला भाग घ्यायचाच असेल तर आधी मेसेजवर चार गोष्टी पक्क्या करा: कोणत्या तारखा, कोणते नग, तुमचा वाटा जास्तीत जास्त किती रुपये, आणि पुरावा म्हणून दुकानाच्या बिलांची यादी. सूट वारंवार लावणाऱ्या दुकानाला त्याच्यापुरती वेगळी नक्षी द्या, म्हणजे शेजारच्या दुकानातला तुमचा मग महाग दिसत नाही. आणि जे दुकान तीनदा न विचारता कापतं, त्याला पुढचा माल न देणं हा तुमचा हक्क आहे. तो वापरा.

प्रश्न (विलेपार्ले): माझ्या कापडी पिशव्या दुकानात ७०० ला मिळतात. प्रदर्शनात आणि इन्स्टाग्रामवर मी त्या ५०० ला देते, कारण मध्ये कुणी नसतं. दुकानाने माल परत पाठवला. हा अन्याय नाही का?

उत्तर: नाही. दुकानात पिशवी हाताळून बघायची आणि टॅगवरचं नाव शोधून तुमच्याकडून ५०० ला घ्यायची, असं गिऱ्हाईक करू लागलं तर दुकानाने भाडं कशातून भरायचं?

मध्ये कुणी नसतं हेही खरं नाही. तीन दिवसांच्या प्रदर्शनाचं स्टॉलभाडं ९,०००, दोन मदतनिसांचा रोज प्रत्येकी ६०० प्रमाणे ३,६००, टेम्पो जाऊन-येऊन २,४००, झाले १५,०००. विक्री ४५,००० ची झाली तर हा खर्च विक्रीच्या ३३ टक्के, आणि तुमच्या स्वतःच्या तीन दिवसांची मजुरी अजून धरलेलीच नाही. तुम्ही ५०० ला विकता तेव्हा दुकानाचा हिस्सा वाचवत नाही, स्वतःचा नफा गिऱ्हाइकाला देऊन टाकता. सगळीकडे ७०० ठेवा. थेट घेणाऱ्याला काही द्यायचंच असेल तर नाव भरून देणं, नाडी बदलून देणं, जुनी पिशवी दुरुस्त करणं असं काही द्या. किंमत हलवू नका.

प्रश्न (धारावी): चामड्याच्या बॅगांचं १,२०,००० चं बिल आहे. तोंडी ४५ दिवस ठरले होते, आता नव्वदीकडे चाललंय. विचारलं की ‘पाच टक्के सोडा, आत्ता देतो’ म्हणतात. सोडावेत का? कायद्याचा धाक दाखवला तर दुकान तुटेल ही भीतीही आहे.

उत्तर: आधी त्या पाच टक्क्यांची किंमत पाहू. समजा तुम्ही ६,००० सोडले आणि पैसे ६० दिवस लवकर मिळाले. १,१४,००० रुपये ६० दिवस वापरायला तुम्ही ६,००० मोजले. वर्षाला हा दर सुमारे ३२ टक्के पडतो. इतक्या महाग व्याजाने पैसा उचलायची वेळ क्वचित येते. वटाव द्यायचाच असेल तर तो बिलावर आधी छापलेला असावा, ‘७ दिवसांत रोख, २ टक्के’ असा. मुदत उलटून गेल्यावर दिलेल्या सवलतीने उशीर करणाऱ्याचाच फायदा होतो.

तुमच्या बाजूने कायदा बराच भक्कम आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या २००६ च्या अधिनियमानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावे लागतात, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. तुमचं ‘तोंडी ४५’ सिद्ध करणं म्हणूनच दुकानाच्या गरजेचं आहे, तुमच्या नव्हे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत दुकानाने लेखी हरकत घेतली नाही तर पोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असं धरतात. तीन महिन्यांनी ‘शिवण उसवली होती’ हे कारण त्यामुळे टिकत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक दर ५.५ टक्के धरला तर व्याज १६.५ टक्के, १,२०,००० वर तीन महिन्यांचे सुमारे ५,०१८ रुपये होतात.

यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद हवी, आणि ती माल देण्याआधीची हवी. नंतर केलेल्या नोंदणीने आधीच्या बिलाचं संरक्षण मागायला गेलेल्यांना न्यायालयांत अपयश आलेलं आहे. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर ती फुकट होते; पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा ‘सूक्ष्म’ धरला जातो, म्हणजे धारावीतले बहुतेक कारखाने त्यात बसतात. एक अट मात्र अनेकांना ठाऊक नसते: हे संरक्षण बनवणाऱ्याला आहे. दुसऱ्याचा माल घेऊन नुसता पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम क्रमांक मिळतो, पण थकबाकीचं हे संरक्षण मिळत नाही.

दुकान तुटू न देता पैसे काढायचे असतील तर उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापा. एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियम असा आहे की सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराच्या नफ्यातून वजा होत नाही. ३१ मार्चला मुदत उलटलेलं बिल बाकी राहिलं तर दुकानाला त्या रकमेवर त्या वर्षी कर भरावा लागतो. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी दुकानाच्या सीएच्या नावाने थकबाकीचं पत्रक पाठवा. शेठला दहा फोन करून जे होत नाही ते बरेचदा या एका कागदाने होतं. जे लहान दुकान उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर अंदाजित उत्पन्न दाखवतं, त्याला याचा फारसा फरक पडत नाही. जीएसटीवाल्या बिलाला आणखी एक मुदत आहे: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर दुकानाला घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.

क्रम असा ठेवा. आधी बिल, चलनाची पोच आणि तारखा असलेलं एक पानी पत्रक ईमेलने पाठवा, त्यात व्याजाचा आकडा लिहा पण मुद्दल मागा. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र: “मुद्दल अमुक तारखेपर्यंत जमा झाल्यास व्याज सोडू.” इथे सोडायला तुमच्याकडे व्याज आहे, मुद्दलातले पाच टक्के सोडायची गरज नाही. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर सरकारी पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे अर्ज; आधी समेटाचा प्रयत्न होतो, नंतर लवाद. निकाल विरुद्ध गेला आणि दुकानाला तो आव्हान द्यायचा असेल, तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. त्या टप्प्यावर दुकान तुटेलच, हे धरून चला. पण नव्वद दिवस तुमच्या पैशावर धंदा करणारं गिऱ्हाईक टिकवण्यासाठी किती सोसायचं, याचा हिशेबही त्याच कागदावर मांडून पाहा.

प्रश्न (लालबाग): गणपतीत एका दुकानाची २०० किलो चकलीची ऑर्डर ४२० रुपये किलोने घेतली, आगाऊ काही नाही. दिवाळीपूर्वी तेल लिटरमागे २० रुपयांनी वाढलं. मी ४६० मागितले, दुकानाने नाही म्हटलं. तेल वाढलं हे त्यांनाही दिसतंय की!

उत्तर: त्यांना तेलही दिसतं आणि तुमचा आकडाही दिसतो. किलोभर चकलीत पाव किलोपासून तीनशे ग्रॅमपर्यंत तेल जिरतं. तीनशे ग्रॅम म्हणजे साधारण ०.३३ लिटर, लिटरला २० रुपये वाढले तर किलो चकलीला वाढ सहा-साडेसहा रुपयांची. कढईत काळं होऊन टाकून द्यावं लागणारं तेल धरलं तरी आठच्या आसपास. चाळीस रुपये तेलाचे नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात वाढलेली बायकांची मजुरी, जादा सिलिंडर आणि घाईत मोडणाऱ्या चकल्या यांचे ते आहेत, आणि हे सगळं गणपतीतही माहीत होतं. ते ४२० मध्येच धरायला हवं होतं. लेखी ठरलेला भाव एकतर्फी बदलता येत नाही. आता तेलाच्या हिशेबाचा कागद दाखवून आठ रुपये मागा. हिशेबासह मागितलेले आठ मिळण्याची शक्यता आहे.

पुढच्या वर्षी निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि त्यातून तेल त्याच दिवशी भरा. २०० किलोला साधारण ६६ लिटर जिरतं. वाया जाणारं धरून ७५ लिटर, म्हणजे १५ लिटरचे पाच सीलबंद डबे. ८४,००० च्या ऑर्डरीवर ४२,००० हातात असताना पाच डबे घेऊन ठेवणं अवघड नाही. दुकान आगाऊ द्यायला तयार नसेल तर ऑर्डरीवर लिहा: “भाव आजच्या तेलाच्या भावावर आधारित. डबा घेतेवेळी तेल लिटरमागे १० रुपयांहून जास्त वाढल्यास किंवा उतरल्यास, दर १० रुपयांमागे चकलीच्या भावात किलोला ४ रुपयांचा फरक करण्यात येईल.” उतरल्यास हा शब्द गाळू नका, तो असला की दुकानदार सही करतो. मोडीचंही त्याच कागदावर ठरवा: वजन पाकिटाचं निव्वळ, मोड दोन-तीन टक्क्यांपर्यंत दुकानाची, त्यापुढची तुमची, आणि तक्रार खोका उघडल्या दिवशी फोटोसह.